खुणेचा पाइन

२ जून, सोमवार

आले एकदाची. ताम्पेरेहून सात तास गाडी हाकली, त्यातले शेवटचे चाळीस किलोमीटर मातीचा रस्ता, आणि तरीही मी खुशीत आहे. असं माझ्या बाबतीत रोज घडत नाही, म्हणून लिहून ठेवते. हाल्लापेरा म्हणजे तळ्याकाठचं जुनं शेतघर. लाल रंगाचं मुख्य घर, मागे वाफेच्या स्नानाचा सौना, आणि पूर्वी जो गोठा होता तो आता स्टुडिओ. गोठा मला मिळालाय. छप्पर उंच, जमीन भक्कम, दार एवढं रुंद की ट्रक थेट मागे लावता येईल. ज्यानं गाईंसाठी हे बांधलं, त्याला आजच्या कलावंतांची सोय पाहणाऱ्यांपेक्षा नक्कीच जास्त अक्कल होती.

आजची सोय पाहणारी म्हणजे पिल्वी. वय एकोणतीस, कलावंतांनी इथे राहून काम करायची ही रेसिडेन्सी तीच चालवते. मी हात पुढे केला तर तिनं मिठी मारली. म्हणाली, इथे काही घडवलंच पाहिजे असं नाही, नुसतं असणंही पुरेसं आहे. मी म्हटलं, तुला असेल, मला एकोणीस तारखेला ट्रकमध्ये काहीतरी चढवायचंय. ती हसली. माझ्या बोलण्यावर लोक हसतात तेव्हा त्यांना ते कळलेलं नसतं, हा माझा जुना अनुभव आहे.

ट्रकचं लिहून ठेवलेलं बरं, म्हणजे हातावर हात ठेवून बसणार नाही. सप्टेंबरमध्ये माझं एकटीचं प्रदर्शन आहे, नऊ वर्षांनी. गॅलरीवालीनं सरळ सांगितलंय, मधल्या मोठ्या खोलीत मावेल असं एक मोठं लाकडी शिल्प हवं. ते नसेल तर सगळा हॉल एका मुलाला जाईल, जो प्लास्टिकच्या पिशव्या फुगवून टांगतो. मी चोपन्न वर्षांची आहे. यानंतर मला कोणी विचारणार नाही, आणि ते मला पिशव्यांच्या मुलाइतकंच चांगलं ठाऊक आहे.

दुसरा पाहुणा हॉलंडचा, योस्ट. ध्वनी-कलाकार म्हणे. दिवसभर मुंग्यांच्या वारुळात माइक खुपसून कानाला यंत्र लावून बसतो. अनवाणी फिरतो आणि डास मारत नाही.

३ जून, मंगळवार

सकाळी ‘वर्तुळ’ झालं. म्हणजे तिघांनी अंगणात खुर्च्या मांडून एकमेकांना आज कसं वाटतंय ते सांगायचं. योस्टला मोकळं वाटत होतं. पिल्वीला कृतज्ञ वाटत होतं. मला भूक लागली होती, तसं सांगितलं. पिल्वी म्हणाली, किती प्रामाणिक आहेस तू. त्यानंतर मी काळा पाव आणि खारवलेले मासे घेऊन गोठ्यात गेले आणि दार लावून घेतलं.

कामासाठी लाकूड मात्र कुठेच नाही. पिल्वीनं ‘स्थानिक साहित्य’ म्हणून बर्चचे दोन ओंडके आणून ठेवलेत, सौनाच्या चुलीत घालायच्या लायकीचे. त्यातून मी काय करू, चमचे?

५ जून, गुरुवार

लाकूड सापडलं. अंगणातून निघालेली वाट मोठ्या रस्त्याला मिळते त्या वळणावर एक पाइन उभा आहे. कधीच वठलाय, पण पडला नाही. साल गळून आतलं लाकूड उन्हापावसानं चांदीसारखं राखाडी झालंय. असं उभ्या-उभ्या वाळलेलं झाड म्हणजे आम्हा लाकूडवाल्यांसाठी देवाची देणगी, फाटत नाही, पिळवटत नाही. त्यात या झाडाच्या खालच्या सगळ्या फांद्या कुणीतरी फार पूर्वी बुंध्यालगत छाटल्यायत आणि फक्त शेंड्याला दोन ठेवल्यायत. मी त्याच्याभोवती तीनदा फिरले. आत एक उभी बाई आहे. तिला मोकळं करायचं, बस्स.

तेवढ्यात तौनो आला. तौनो शेजारचा म्हातारा, अठ्ठ्याहत्तरचा, इथली लाकडं फोडतो, सौना तापवतो, होडी बघतो. माझ्या हातातली टेप बघून म्हणाला, ते झाड सोड. मी विचारलं, का, तुमचं आहे का? म्हणाला, माझं नाही, कार्सिक्को आहे, खुणेचं झाड. मग खिशात हात घालून, माझ्याकडे न बघता, सगळं सांगितलं. घरात कुणी वारलं की शवपेटी चर्चच्या दफनभूमीकडे नेताना या वळणावर खाली ठेवायची. झाडाच्या फांद्या छाटायच्या, बुंध्यावर त्याची आद्याक्षरं आणि मृत्यूचं साल खोदायचं. का, तर तो उठून परत घराकडे निघाला तर इथपर्यंत येतो, आपलं नाव वाचतो, आणि त्याला कळतं की आपण मेलोय. मग तो मुकाट मागे फिरतो.

मी म्हटलं, आणि वाचता येत नसेल तर? तौनो म्हणाला, आपलं नाव सगळ्यांना वाचता येतं.

शहाण्या माणसानं वाद घालू नये म्हणून मी मान डोलावली. पिल्वीला विचारलं, वठलेलं झाड घेतलं तर चालेल का. ती म्हणाली, अगदी, जंगलाशी संवाद साधलास हे किती छान. कोणतं झाड ते तिनं विचारलं नाही आणि मीही सांगायला गेले नाही.

७ जून, शनिवार

तौनो शनिवारी चर्चच्या गावाला बाजाराला जातो. तो गेल्यावर चेनसॉ काढली आणि दहा मिनिटांत झाड आडवं केलं. योस्ट धावत आला. मला वाटलं आता रडेल, पण तो झाड पडल्याचा आवाज पुन्हा एकदा ऐकवता येईल का विचारत होता. म्हणजे झाड पुन्हा उभं करून पुन्हा पाडू? माझ्या गाडीला दोर लावून आम्ही ओंडका गोठ्यापर्यंत ओढत आणला. तेवढ्यापुरता योस्ट उपयोगी पडला, हे मान्य करते.

बुंध्यावर छातीच्या उंचीला ते कोरलेलं होतं. दोन अक्षरं, खाली साल. अठराशे काहीतरी. नीट वाचायला चष्मा लावावा लागला असता. माझ्या बाईच्या अंगावर दुसऱ्या कुणाचं लिहिलेलं मला नको, म्हणून ती जागा फळीसारखी कापून काढली आणि सौनाच्या चुलीत टाकली. तिथे आता छान सपाट राहिलंय.

संध्याकाळी त्याच लाकडावर सौना तापला. वाफ अशी काही सुंदर, मऊ, की पिल्वीनंही पाच मिनिटं तोंड बंद ठेवलं.

१० जून, मंगळवार

काम जमतंय. तीन दिवस सकाळी सहापासून रात्रीपर्यंत, अर्थात रात्र म्हणजे घड्याळातली, बाहेर उजेडच असतो. खांदे दिसू लागलेत. छाटलेल्या फांद्यांच्या गाठी मी तशाच ठेवल्यात, तिच्या अंगावर कुणीतरी हात ठेवून काढून घेतल्यासारख्या. पटाशी लोण्यात जावी तशी जाते. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं.

बाकी घरात कुणाला तरी टवाळखोरी सुचलीये. पडवीत काढलेले माझे बूट दोन दिवस सकाळी दाराबाहेर असतात, टोकं रस्त्याकडे वळवलेली. कॉफीचा कप बशीवर पालथा. आज गोठ्याच्या उंबऱ्यावर जाडं मीठ, अगदी रेघ ओढून. पिल्वीला विचारलं तर म्हणाली, घराची ऊर्जा शुद्ध करणं वगैरे तिनं अजून सुरू केलेलं नाही. योस्टला विचारलं तर त्यानं मिठाचा आवाज कसा येईल यावर बोलायला सुरुवात केली. म्हणजे यांच्यापैकीच कुणीतरी. मी मीठ झाडून टाकलं आणि आत गेले. उंबरा ओलांडताना घोट्यात कळ आली, चेनसॉच्या वेळी लचकलं असणार.

१२ जून, गुरुवार

मीठ झालं, आता लोखंड. दुपारी डुलकी काढायला खोलीत गेले तर माझ्या दारावर गवत कापायचं लांब पातं आडवं टांगलेलं, धार खाली. ते काढायला हात वर केला तर थंडीनं बोटं आखडली. बाहेर चोवीस अंश आहे. शिवाय सगळ्या मजल्यावर जुनिपरच्या डहाळ्या जाळल्याचा धूर. मी पिल्वीला खाली बोलावून चांगलं फैलावर घेतलं. म्हटलं, तुझ्या त्या अनुदानाच्या अर्जात लोकपरंपरा म्हणून कलम असेल तर ते माझ्या डोक्यावर टांगू नकोस. तिचे डोळे भरून आले. मी नाही गं केलं, म्हणाली, मला तर विळा धरताही येत नाही. तेवढं पटलं मला.

गोठ्यात दुधाचा वास येतोय. कोमट, ताज्या दुधाचा. सत्तर वर्षं इथे गाय नाही असं तौनोच म्हणाला होता.

१३ जून, शुक्रवार

योस्टनं जेवताना मोठ्या आनंदानं रेकॉर्डिंग ऐकवलं. सकाळी सगळे तळ्यावर असताना त्याचं यंत्र अंगणात चालू राहिलं होतं. त्यात झाडू मारल्याचा आवाज, बादलीची कडी, आणि एक बाई पुटपुटतेय. योस्टला फिनिश येत नाही, त्याला ते ‘प्राचीन’ वाटतंय. पिल्वीला इकडची बोली कळत नाही, ती ताम्पेरेच्याही दक्षिणेची. मला कळते, माझी आजी याच भागातली.

बाई म्हणत होती, जा बाहेर. तुझं इथं काही नाही. आलीस तशी जा. जसं आगंतुक कुत्र्याला बोलावं तसं, रागानंसुद्धा नाही. चाळीस मिनिटं हेच. मी म्हटलं, कुणी म्हातारी बेरी शोधायला आली असेल. पिल्वी म्हणाली, जूनमध्ये बेरी कुठे?

ही पोरगी एरवी कधी अक्कल वापरत नाही.

१४ जून, शनिवार

पाहिलं तिला. दुपारी दोन वाजता, लख्ख उन्हात. मी गोठ्यातून घराकडे येत होते. ती पायरी झाडत होती. बुटकी, डोक्याला रुमाल, करड्या कापडाचा झगा, बाह्या कोपरापर्यंत वर सारलेल्या. हात कामाचे, माझ्याहून मोठे. मी विचारलं, कोण पाहिजे? ती झाडतच राहिली. झाडत झाडत माझ्यापर्यंत आली आणि माझ्या बुटांवरून झाडू फिरवला, मला बाहेर लोटल्यासारखा. मग वर बघितलं.

मी आयुष्यात भरपूर लोकांकडे तुच्छतेनं बघितलंय. रोज बघते. कुणी माझ्याकडे तसं बघितलं तर ओळखता येतं. तिच्या डोळ्यांत एवढंच होतं, की ही काय अजून इथेच?

मी मागे सरले. मी, जी कुणासाठी मागे सरत नाही. वळून बघितलं तर पायरी रिकामी आणि स्वच्छ.

कुणीतरी नटी असणार. वारसा मंडळवाले उन्हाळ्यात असले प्रकार करतात. पटाशी पेटीत ठेवून दिली. आज काम नाही.

१५ जून, रविवार

तौनो आठवडाभर फिरकला नव्हता. आज मीच त्याच्या घरी गेले. त्यानं आत बोलावलं नाही, पायरीवरच बसवलं. खुंट मी पाहिलाय, म्हणाला. मी म्हटलं, चूक झाली म्हणा हवं तर. तो म्हणाला, हवं तर कशाला, झालीच.

मग त्यानं विचारलं, कोरलेला तुकडा कुठाय? मी सांगितलं. त्यानं पाइप पेटवला. मग म्हणाला, बरं, अक्षरं कोणती होती? साल कोणतं? तेवढं सांग, मी उद्याच दुसऱ्या पाइनवर खोदतो, तिची ती निघून जाईल. मी आठवायचा प्रयत्न केला. पहिलं अक्षर अ असेल. किंवा ह. मी म्हटलं, तुम्हाला माहीत असेल ना, तुम्ही इथले. तो म्हणाला, ते माझ्या आज्याच्याही आधीचं. नाव कुणाला ठाऊक नाही, चर्चची जन्म-मृत्यूची नोंदवही लढाईत जळाली. म्हणून तर झाडावर होतं. ज्यानं कोरलं त्यालाच ठाऊक, आणि तू समोर उभी होतीस.

मी समोर उभी होते आणि चष्मा लावायचा कंटाळा केला.

मी विचारलं, ती माझं काय करणार? तौनोनं पाइप झटकला. म्हणाला, ती काय करणार, घर सांभाळणार. तिला कुणी सांगितलेलंच नाही ती मेलीये. ती आपली बाजारातून यावी तशी घरी आली. आणि घरात बघते तर कोण एक परकी बाई फिरतेय, कुणाची कोण ठाऊक नाही, कामाला हात लावत नाही, नुसती लाकडं पोखरतेय. तिच्या जागी तू असतीस तर अशीला काय समजली असतीस?

मीठ, लोखंड, धूर. परत येताना सगळ्या वाटेत मला एवढंच आठवत होतं, की हे सगळं घरातून कुणाला हाकलायला करतात.

मी उठले तेव्हा तौनो म्हणाला होता, आजच निघ. काम इथेच टाक आणि ताम्पेरेला जा. मी म्हटलं, अजून दोन दिवसांचं काम बाकी आहे. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि दार लावून घेतलं.

१६ जून, सोमवार

निघायचं तर कशासाठी? परत जाऊन सप्टेंबरमध्ये पिशव्या बघायला? एका मेलेल्या शेतकरणीला मी आवडत नाही. रांगेत उभी राहा म्हणावं.

दिवसभर काम केलं. ती दोनदा गोठ्यात आली. एकदा बादली घेऊन, जिथे कधी गाय असेल तिथे बसली. एकदा जुनिपरचा धूर घेऊन माझ्याभोवती फिरली. खोकला आला. श्वास पुरेना. मी पटाशी सोडली नाही.

तिचा चेहरा आता माझ्या कामात उतरलाय, मी मुद्दाम नाही केलं. तो तसाच चांगला आहे.

१७ जून, मंगळवार

झालं.

संपलं हे मला दुपारी तीनला कळलं. पटाशी खाली ठेवली आणि बसले. ही खरी आहे. नऊ वर्षं जे केलं ते सगळं हिच्यापुढे फर्निचर. रडले थोडी, कुणी नव्हतं म्हणून.

मग सही केली. एरवी मी तळाला करते, पण छातीशी ती सपाट जागा आयती होती, गुळगुळीत. तिथे खोल कोरलं. हे. रा. खाली यंदाचं साल. हात दूर घेतला आणि एकदम बरं वाटलं, हलकं, पोट रिकामं असावं तसं.

पिल्वीला दाखवायला बोलावलं. ती आली, समोर उभी राहिली, बघतच राहिली. मग माझ्याकडे न बघताच वळून गेली. हिला सांगावं काय, आणि सांगून कळणार काय.

१८ जून, बुधवार

सकाळी वर्तुळात माझी खुर्ची नव्हती. मी उभी राहिले. दोघांनी एकमेकांना कसं वाटतंय ते सांगितलं, मला विचारलं नाही. एरवी मला ते पाहिजेच होतं, पण मुद्दाम केलेलं कळतं. जेवायला ताट दोघांचंच. फळ्यावर सौनाच्या पाळीत माझं नाव पुसलेलं.

पिल्वीसमोर जाऊन म्हटलं, उद्या ट्रक येईल, दार उघडं ठेव. ती माझ्या खांद्यावरून खिडकीकडे बघत होती. मग योस्टला म्हणाली, तुला थंडी वाजली का आत्ता?

योस्ट म्हणाला, दार लाव.

गोठ्यात गेले. ती तिथे होती, माझ्या कामासमोर. सहीवर बोट फिरवत होती. ओठ हलत होते, एकेक अक्षर लावत. मग साल. दोनदा वाचलं तिनं.

मग वळली. या वेळी ती नजर नव्हती. दया होती. डोक्यावरचा रुमाल सारखा केला, पुढे आली, आणि माझ्या गालाला हात लावला. गरम हात. माझा गाल —

तुच्छता मला चालते. ही नको होती.

म्हणाली, हे काय गं पोरी. तुला कुणी सांगितलंच नाही होय?

१९ जून, गुरुवार

गोठा रिकामा आहे.

दार आतून लावलेलं. जमिनीवर ओढल्याची खूण नाही. तीनशे किलो. कुणी उचललं?

ट्रक दहाला. रस्त्यावर जाऊन थांबते. थांबवते त्याला, काहीतरी सांगते. सापडेल, सापडायलाच —

पावणेदहा. मोठ्या रस्त्यापर्यंत आले, मागे वळले तर वळणावर. खुंटावर लाकडातली बाई उभी आहे. माझी. घराकडे पाठ, तोंड रस्त्याकडे. म्हणजे माझ्याकडे. कोणी नेलं ते आता विचारायला नको. सही बरोबर माझ्या डोळ्यांसमोर. चष्मा नाही लागत.

घर पलीकडे दिसतंय. धूर निघतोय चुलीतून. ती रुमालवाली भाकरी भाजतेय बहुतेक.

घराकडे जाता येत नाही. पाय उचलते, तिथेच पडतो. बाजूनं, जंगलातून गेले — पुन्हा इथेच. हे. रा. साल. पुन्हा इथेच.

दहा. ट्रक आला. मी रस्त्याच्या मधोमध. हात वर. तो थांबला नाही. माझ्या —

लागलं नाही काही.

साडेदहा. तिघं आली वळणावर. पिल्वी, ड्रायव्हर, तौनो. पिल्वी फोनवर, गॅलरीला सांगतेय, गाडी इथेच आहे तिची, सामान इथेच आहे, परवापासून कुणी पाहिली नाही. रडतेय. चक्क रडतेय माझ्यासाठी. मी तिच्या कानाशी ओरडले. तिनं डास हाकलल्यासारखा हात हलवला.

ड्रायव्हर विचारतो, हेच न्यायचंय ना? चढवू?

तौनोनं टोपी काढली. मोठ्यानं वाचलं. अक्षरं. साल. मग खालच्या आवाजात म्हणाला, याला आता हात लावायचा नाही. कधीच नाही. इथून नेलंत तर तीही घरी येईल, मग दोघींना कोण सांगणार?

तौनो, अहो मी इथे —

ड्रायव्हर गेला. रिकामा.

मधली खोली पिशव्यांना.

उभी आहे. किती वेळ ते माहीत नाही, ऊन हलत नाही. माझ्या कामासमोर कधी कुणी दोन मिनिटं थांबलं नाही. एकजण तरी थांबावा म्हणून मी — आणि आता मीच, सकाळपासून, हलताच येत नाही. चांगलं आहे. किती चांगलं आहे ते. छातीवर वाचलं की थांबावंच लागतं, वाचलं की कळतं, मी

पाय वळले. मी नाही वळवले. चर्च कोणत्या बाजूला आहे हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं, तरी पाय —